पुरात थांबलेली गाडी आणि प्रवाशाचे तिकीट

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर स्थानक मागे टाकून वांगणीच्या दिशेने जात असता उल्हास नदीच्या पुराने लोहमार्ग व्यापला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. बाहेर काळोख, दोन्ही अंगांना वाढते पाणी आणि वर कोसळणारा पाऊस अशा स्थितीत प्रवाशांनी गाडीखाली उतरू नये, डब्यातच थांबावे, असे आवाहन रेल्वे प्रशासनाने केले. उजाडल्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, अग्निशमन दल आणि परिसरातील ग्रामस्थ यांनी बोटींच्या साहाय्याने प्रवाशांना बाहेर काढले. त्यांत नऊ गरोदर महिला होत्या. २७ जुलैच्या दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले आणि त्यांना कोल्हापूरला नेण्यासाठी कल्याणहून मनमाड व दौंड मार्गे विशेष गाडी सोडण्यात आली.

या घटनेची आठवण निघते ती बचावकार्यासाठी, आणि ते योग्यच आहे. तथापि तिच्यात प्रवाशांच्या हक्काचा एक प्रश्नही दडलेला आहे. विशेष गाडीने जो कोल्हापूरला पोहोचला, त्याचा प्रवास नियमाच्या दृष्टीने उशिरा का होईना, पूर्ण झाला. बदलापूरहूनच घरी परतण्याचा निर्णय एखाद्याने घेतला असेल, तर त्याच्या तिकिटाचा हिशेब निराळा. आणि त्याच रात्री ही गाडी पकडण्यासाठी पुण्याच्या स्थानकावर जे ताटकळत बसले होते, त्यांचा हिशेब त्याहूनही निराळा. गाडी एक, पूर एक. परंतु तिकिटाचे पैसे परत मिळण्याचे नियम तीन. पावसाळ्यात तिकीट खिडकीसमोर जी वादावादी होते, तिचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

शेवटचे स्थानक असण्याची अडचण

कोल्हापूर संस्थानने बांधलेला मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून कोल्हापूर हे या मार्गाचे शेवटचे स्थानक आहे. आज छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थानकातून बाहेर पडण्यास रेल्वेला एकच वाट आहे, ती म्हणजे वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर या मार्गाने मिरजेची. या सुमारे ४८ किलोमीटरांच्या अंतरात लोहमार्ग दोन मोठ्या नद्या ओलांडतो. वळिवडे आणि रुकडी यांच्या दरम्यान पंचगंगा आणि मिरजेच्या अलीकडे कृष्णा.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. दोन्ही वेळी मिरज–कोल्हापूर रेल्वे वाहतूक थांबवावी लागली. दोन्ही वेळी पुणे–बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. २०१९ मध्ये तो सुमारे आठवडाभर बंद होता. रेल्वे बंद पडली तर एस.टी.ने जाऊ, ही इतरत्र सहज सुचणारी तोड अशा वेळी कोल्हापूरकरांच्या उपयोगी पडत नाही. लोहमार्ग आणि महामार्ग एकाच नदीमुळे, जवळजवळ एकाच दिवशी बंद होतात.

परताव्याच्या दृष्टीने या भूगोलाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. महापुराच्या काळात कोल्हापूरची गाडी समूळ रद्द होतेच असे नाही. पुष्कळदा ती मिरजेपर्यंतच येते आणि मिरजेहूनच परत सुटते. घाटात दरड कोसळली तर मुंबईची गाडी पुण्याला संपते. २०१९ च्या पावसाळ्यानंतर कर्जत–लोणावळा विभागातील दुरुस्तीच्या काळात कोयना एक्स्प्रेसच्या प्रवाशांनी हा अनुभव घेतला. अशी गाडी रेल्वेच्या दप्तरी ‘चालू’ असते. ज्याच्या गावापर्यंत ती पोहोचत नाही, त्याच्यापुरती ती नसल्यासारखीच असते. या दोन स्थितींमधील फरक ज्याला ठाऊक आहे, त्याचे पैसे सहसा बुडत नाहीत.

आकाश निरभ्र, तरी गाडी रद्द

पाऊस उघडला, ऊन पडले, तरी गाडी का सुटत नाही, असा प्रश्न पुराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर पुलाच्या खांबावर असते. मोठ्या पुलांच्या खांबांवर धोक्याची पातळी रंगवून दाखविलेली असते आणि पावसाळ्यात तेथे पाहारा असतो. पाणी त्या रेषेला भिडले की वाहतूक थांबविली जाते. पाणी उतरले म्हणजे लगेच गाडी सोडता येते असे नाही. खांबाच्या पायाजवळची माती वाहून गेली आहे काय, भरावाला तडा गेला आहे काय, रुळांखालची खडी जागेवर आहे काय, हे अभियंत्यांना पाहावे लागते. त्यानंतरही प्रथम काही काळ गाड्या संथ गतीने सोडल्या जातात.

दुसरे कारण डब्यांच्या संचाचे, म्हणजे रेल्वेच्या भाषेत रेकचे. सकाळी आलेला रेकच साफसफाई व तपासणीनंतर संध्याकाळी दुसरी गाडी म्हणून परत जातो. काल तो मुंबईहून निघालाच नाही किंवा मिरजेलाच अडकला, तर आज कोल्हापूरहून सुटण्यास डबे कोठून आणावयाचे? शेवटच्या स्थानकावर पर्यायी डबे फारसे नसतात. त्यामुळे पूर ओसरल्यावरही एक-दोन दिवस गाड्या रद्द होत राहतात आणि निर्णय ऐनवेळी जाहीर होतात. प्रवाशाला यात ढिलाई दिसते. ती प्रत्येक वेळी असतेच असे नाही.

गाडी समूळ रद्द झाली तर

तिकीट रद्द करणे आणि भाडे परत देणे यासंबंधीचे रेल्वेचे नियम १२ नोव्हेंबर २०१५ पासून नव्या स्वरूपात अंमलात आले. त्यांच्या तपशिलात शिरण्यापूर्वी एक प्रश्न मनाशी स्पष्ट करून घ्यावा लागतो. प्रवास कोणी मोडला, रेल्वेने की प्रवाशाने? प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले तर कपात होते, आणि गाडी सुटण्याची वेळ जसजशी जवळ येते तसतशी ती वाढत जाते. अपघात, पूर, मार्ग खचणे यांसारख्या कारणाने रेल्वेने गाडी रद्द केली, तर कोणतीही कपात न करता संपूर्ण भाडे परत मिळते.

यातूनच सर्वांत मोठी चूक घडते. पंचगंगा चढत असल्याची बातमी ऐकून, गाडी जाणार नाहीच असे गृहीत धरून, प्रवासी आदल्या रात्री घाईने तिकीट रद्द करतो. दुसऱ्या दिवशी रेल्वे गाडी रद्द झाल्याचे जाहीर करते. शेजाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते आणि याची कपात होऊन मिळते. रेल्वेच्या संगणकाला प्रवाशाच्या मनातील भीती दिसत नाही. त्याला फक्त तिकीट कोणी व केव्हा रद्द केले हे दिसते. जाण्याचा बेत मोडलाच असला, तरी अधिकृत घोषणा होईपर्यंत थांबणे हिताचे ठरते. अर्थात गाडी वेळेवर सुटण्याचा संभव असेल, तर हे थांबणे अंगाशीही येऊ शकते. हा निर्णय १३९ या चौकशी क्रमांकावर गाडीची स्थिती विचारून ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो.

गाडी तिच्या संपूर्ण मार्गावर रद्द झाली असेल, तर ई-तिकीटधारकाला काहीच करावे लागत नाही. ज्या खात्यातून पैसे भरले, त्याच खात्यात ते काही दिवसांत आपोआप जमा होतात. तिकीट काढताना संकेतस्थळाने घेतलेले सुविधा शुल्क मात्र परत मिळत नाही. भाड्याच्या मानाने ही रक्कम लहान असते, परंतु आकडा जुळत नाही म्हणून तक्रारी होतात त्या बहुधा याच कारणाने.

खिडकीवर काढलेल्या तिकिटाचे तसे नाही. ते तिकीट संगणकीय आरक्षण केंद्रावर प्रत्यक्ष परत द्यावे लागते, आणि त्यास सुटण्याचा नियोजित दिवस सोडून तीन दिवसांची मुदत आहे. इतरत्र ही मुदत पुरेशी म्हणता येईल. परंतु २०१९ मध्ये शिरोळ तालुक्यातील कित्येक गावांना पाण्याने वेढले होते. तेथील माणसाने तीन दिवसांत तिकीट खिडकी गाठावी, अशी अपेक्षा करणे कठीण. अशा प्रवाशाच्या दृष्टीने दोन गोष्टी उपयुक्त आहेत. पहिली अशी की, तिकीट कोल्हापूरलाच परत दिले पाहिजे असे नाही. प्रवासी नातेवाइकांकडे मिरजेला वा कऱ्हाडला अडकला असेल, तर तेथील आरक्षण केंद्रावरही ते देता येते. दुसरी अशी की, मुदत उलटल्यानंतरही दावा करण्याचा मार्ग पूर्णपणे बंद होत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे. शिवाय व्यापक आपत्तीच्या काळात रेल्वे मंडळ ही मुदत वाढवू शकते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा खिडकीवरील तिकिटांसाठी तीन दिवसांची मुदत प्रथम तीन महिन्यांपर्यंत आणि पुढे त्याहूनही अधिक वाढविण्यात आली होती. एका जिल्ह्यापुरत्या पुरासाठीही अशी सवलत मागता येईल, आणि ती मागणी लोकप्रतिनिधी व जिल्हा प्रशासन यांच्यामार्फत गेली तर तिला वजन येईल.

गाडी अर्ध्यावर संपली तर

खरी गुंतागुंत येथे आहे. समजा, हातकणंगले तालुक्यातील एका शिक्षकाने कोल्हापूर ते मुंबई असे ई-तिकीट काढले आहे. पंचगंगेच्या पुलावर पाणी आल्याने गाडी मिरजेहून सुटेल असे रेल्वेने जाहीर केले. मिरजेला जाण्याचा रस्ता बंद आहे. गाडी मिरजेहून वेळेवर सुटली, मुंबईला पोहोचली. शिक्षक घरीच राहिले. त्यांच्या शेजाऱ्याची दुसरी गाडी पूर्णतः रद्द झाली होती आणि त्यांचे पैसे आपोआप खात्यात आले. म्हणून हेही वाट पाहत राहिले. आठवडा गेला, पंधरवडा गेला, पैसे आले नाहीत. चौकशी केली तेव्हा मुदत संपल्याचे समजले.

यात अन्याय झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्रणेच्या बाजूने पाहिले तर गाडी धावली, आसन राखून ठेवलेले होते आणि प्रवासी आला नाही, एवढीच नोंद तेथे आहे. प्रवासी मिरजेला पोहोचला की नाही, हे रेल्वेला आपोआप कळण्याचा मार्ग नाही. म्हणून गाडी अंशतः रद्द झाली, वळविलेल्या मार्गामुळे प्रवाशाच्या स्थानकावर आली नाही किंवा त्याच्या मुक्कामाच्या अलीकडेच संपली, तर परतावा आपोआप न मिळता मागावा लागतो. ही मागणी करण्याच्या पद्धतीला रेल्वेच्या परिभाषेत ‘टीडीआर’ म्हणतात. मराठीत तिला तिकीट जमा पावती म्हणता येईल. ई-तिकिटाच्या बाबतीत ती संकेतस्थळावर, ज्या खात्यातून तिकीट काढले त्याच खात्यातून, कारण नमूद करून दाखल करावयाची असते. गाडी अंशतः रद्द झाल्यास यासाठी ७२ तासांची मुदत आहे. मुदतीचा शेवटचा तास गाठण्यापेक्षा घोषणा झाली त्याच दिवशी अर्ज करणे शहाणपणाचे, कारण पुराच्या दिवसांत वीज आणि दूरध्वनी यांचा भरवसा नसतो.

उदाहरणातील शिक्षकांना मिरजेला जाणे शक्य असते, तर त्याच तिकिटावर मिरजेहून बसता आले असते. आरक्षण तक्ता तयार होण्यापूर्वी चढण्याचे स्थानक बदलून घेण्याची सोयही आहे. तथापि पुराच्या काळात हा पर्याय स्वीकारताना आधी रस्ता पाहावा. एकदा स्थानक बदलले की ‘माझ्या स्थानकावर गाडी आलीच नाही’ हे म्हणणे लटके पडते.

या प्रकारात तत्काळ तिकिटासंबंधी एक गैरसमज रूढ आहे. निश्चित झालेले तत्काळ तिकीट प्रवाशाने रद्द केल्यास काहीही परत मिळत नाही, हे खरे. म्हणून अनेक जण आपत्तीतही अर्ज करीत नाहीत. वास्तविक गाडी रद्द झाली, चढण्याच्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा आली, किंवा मार्ग बदलल्यामुळे प्रवाशाने प्रवास केला नाही, तर तत्काळ तिकिटाचेही पूर्ण भाडे परत मिळू शकते.

तीन तासांचा हिशेब

उशिराचा नियम सोपा आहे, पण तो नीट वाचावा लागतो. प्रवासी जेथे चढणार त्या स्थानकावर गाडी तीन तासांपेक्षा अधिक उशिरा येणार असेल आणि त्याने प्रवास न करण्याचे ठरविले, तर संपूर्ण भाडे मिळते. येथे उशीर मोजावयाचा तो प्रवाशाच्या स्थानकावरचा. गाडी मुंबईहून किती उशिरा सुटली याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरे म्हणजे मागणी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी झाली पाहिजे. खिडकीवरचे तिकीट तोपर्यंत परत द्यावयाचे आणि ई-तिकिटाचा अर्ज तोपर्यंत दाखल करावयाचा. चार तास वाट पाहून कंटाळून घरी गेलेला आणि दुसऱ्या दिवशी सवडीने अर्ज करणारा प्रवासी नियमात बसत नाही, मग गाडी कितीही उशिरा आलेली असो.

महालक्ष्मीच्या त्या रात्री पुण्याच्या फलाटावर जे थांबले होते, त्यांच्यासाठी हाच नियम लागू होण्याजोगा होता. उशीर तीन तासांपलीकडे जाणार हे स्पष्ट होताच त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, गाडीची वाट पाहणे. दोन, तिकिटाची मागणी नोंदवून बसने कोल्हापूर गाठणे. दुसरी वाट स्वीकारणाऱ्याने बसमध्ये चढण्यापूर्वी मागणी नोंदवावी, हे महत्त्वाचे.

वाटेत प्रवास खंडित झाला तर

गाडीत बसून निघाल्यानंतर पूर, अपघात किंवा मार्ग खचल्यामुळे प्रवास मध्येच थांबला, आणि रेल्वेला प्रवाशाला वाजवी वेळेत मुक्कामाला पोहोचविता आले नाही, तर संपूर्ण प्रवासाचे भाडे परत देण्याची तरतूद आहे. झालेल्या प्रवासाचे भाडेही त्यातून कापले जात नाही. मात्र रेल्वेने बस, दुसरी गाडी किंवा वळविलेला मार्ग अशी पर्यायी व्यवस्था केली आणि प्रवाशाने ती नाकारली, तर झालेल्या अंतराचे भाडे ठेवून उरलेले परत दिले जाते. बदलापूरहून घरी परतणाऱ्या प्रवाशाचा हिशेब या नियमाने होतो. अशा वेळी तिकीट जेथे प्रवास थांबला त्या स्थानकावरच देणे अपेक्षित असते, म्हणून गोंधळातही स्टेशन मास्तरांच्या कार्यालयापर्यंत जाऊन येणे फायद्याचे. रेल रोको किंवा बंदमुळे वाहतूक विस्कळीत झाली तरी रेल्वे हेच निकष लावते.

कुटुंबाचे किंवा शाळेच्या सहलीचे एकच तिकीट असेल आणि त्यांतील काहींनीच पुढे प्रवास केला, तर एक जादा काम करावे लागते. गाडीतील तिकीट तपासनिसाकडून, इतक्या जणांनी प्रवास केला नाही, असे प्रमाणपत्र त्याच वेळी घ्यावे. नंतर ते मिळत नाही आणि त्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही. सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

कोल्हापूरहून मिरजेला येऊन तेथे दुसरी गाडी पकडणाऱ्यांचा एक वर्ग आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे कपातीशिवाय परत मिळू शकते. त्यासाठी पहिली गाडी जोड स्थानकावर प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत मागणी करावी लागते. एप्रिल २०१९ पासून दोन्ही आरक्षणांचे पीएनआर क्रमांक एकमेकांशी जोडण्याची सोय झाली आहे. दोन वेगवेगळी तिकिटे असणाऱ्याने ती जोडून ठेवली, तर पुढे वाद उरत नाही.

दुसऱ्याच्या हातून काढलेले तिकीट

ग्रामीण भागात बहुसंख्य तिकिटे स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून काढली जात नाहीत. गावातील सेवा केंद्र, तालुक्याचा एजंट, शहरात शिकणारा पुतण्या यांच्या हातून ती निघतात. प्रवास सुरळीत झाला तर यात काहीच बिघडत नाही. आपत्तीत मात्र हीच गोष्ट अडचणीची ठरते. परताव्याची मागणी तिकीट काढणाऱ्याच्याच खात्यातून जाते आणि पैसेही तेथेच येतात. एजंटाचे दुकान पाण्याखाली असेल, तर ७२ तास पाहता पाहता निघून जातात.

यावर रेल्वेने काही उपाय केला आहे. अधिकृत एजंटामार्फत काढलेले तिकीट रद्द झाले म्हणजे प्रवाशाच्या भ्रमणध्वनीवर परताव्याची रक्कम आणि एक सांकेतिक क्रमांक येतो. तो क्रमांक एजंटाला दिल्यानंतरच रक्कम प्रवाशाच्या हाती देण्याचा व्यवहार पूर्ण होतो. ही पद्धत ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली. ती उपयोगी पडते ती तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक नोंदविलेला असेल तरच. सोयीसाठी एजंट स्वतःचाच क्रमांक घालतात, असे घडते. तिकीट हाती घेताना नाव आणि वय जसे पडताळून पाहतात, तसा क्रमांकही पाहावा. अनधिकृत एजंटाच्या बाबतीत यातील काहीच लागू होत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

ग्रामपंचायतींना येथे एक काम सहज करता येण्यासारखे आहे. पूरप्रवण गावांत पावसाळ्यापूर्वी आपत्ती व्यवस्थापनाची बैठक होते. त्यात बोटी, औषधे, निवारा यांचा विचार होतो. गावातील सेवा केंद्रचालकाला या बैठकीस बोलावून, पुराच्या दिवसांत कोणकोणत्या प्रवाशांची तिकिटे त्याच्याकडून निघाली आहेत याची यादी ठेवण्यास आणि अंशतः रद्द झालेल्या गाड्यांचे अर्ज मुदतीत भरण्यास सांगता येईल. गाव सोडावे लागलेल्या कुटुंबाला त्या वेळी तिकिटाचे पाच-सातशे रुपये आठवतही नाहीत. ते आठवतात महिन्याने, तेव्हा उशीर झालेला असतो.

खिडकीवर परतावा मिळाला नाही तर

खिडकीवरील कर्मचाऱ्याने परतावा नाकारला किंवा नियमाची मुदत टळली, तर प्रवाशाने वाद न घालता स्टेशन मास्तरांकडून तिकीट जमा पावती मागून घ्यावी. ही पावती म्हणजे पैसे मंजूर झाल्याचे पत्र नव्हे. तिकीट रेल्वेच्या ताब्यात दिल्याचा तो पुरावा होय. तिच्या आधारे दहा दिवसांच्या आत विभागीय रेल्वेच्या दावे व परतावा पाहणाऱ्या मुख्य वाणिज्य अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत पूरस्थितीचा पुरावा जोडला, उदाहरणार्थ गाव पाण्याने वेढले होते असा तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, तर मुदत का टळली हे सांगणे सोपे जाते. असा दाखला जोडलाच पाहिजे असे बंधन नाही; परंतु तो देण्यास ग्रामपंचायतीला फारसा खर्चही येत नाही.

तेथेही निराशा झाली, तर १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेले रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. अपघातग्रस्तांची भरपाई आणि मालवाहतुकीचे दावे यांसाठी ते प्रसिद्ध असले, तरी प्रवासभाड्याच्या परताव्याचे दावेही त्याच्या कक्षेत येतात. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. सामान्य तिकिटासाठी तेथवर जाणे परवडत नाही हे उघड आहे, परंतु शे-दीडशे जणांच्या सहलीची किंवा वऱ्हाडाची तिकिटे असतील तर गोष्ट निराळी.

भाडे परत मिळणे आणि नुकसानभरपाई मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. गाडी न आल्याने मुलाखत चुकली, हॉटेलचे पैसे गेले, टॅक्सी करावी लागली, हे नुकसान परताव्याच्या नियमांत मोडत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निर्णय या संदर्भात महत्त्वाचा आहे. २०१६ मध्ये अजमेर–जम्मू एक्स्प्रेस सुमारे चार तास उशिरा पोहोचली आणि एका प्रवाशाचे श्रीनगरला जाणारे विमान चुकले. टॅक्सीच्या खर्चाचे १५,००० रुपये व अन्य रकमा त्याला देण्याचा ग्राहक मंचाचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. उशीर आपल्या आवाक्याबाहेरील कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, तसे न केल्यास ती जबाबदार ठरते, असे न्यायालयाने म्हटले.

हा निर्णय महापुराच्या प्रसंगी लावताना मात्र सावध राहावे लागते. पंचगंगा ५५ फुटांवर असताना पूल बंद ठेवणे हे आवाक्याबाहेरचे कारण आहे, हे रेल्वेला सहज दाखविता येईल. त्याउलट पाणी उतरल्यानंतर, मार्ग खुला झाल्यानंतर, कोणतेही कारण न देता गाडी पाच तास मिरजेला उभी राहिली, तर तो प्रश्न निराळा होतो. म्हणून अडकलेल्या प्रवाशाने गाडी कोठे, किती वाजता थांबली आणि स्थानकावर काय घोषणा झाली, याची नोंद तिकिटाच्या मागेच करून ठेवावी. भ्रमणध्वनीवर आलेला रेल्वेचा संदेश पुसून टाकू नये. परताव्यासाठी असो वा भरपाईसाठी, पुढे हीच नोंद आणि हाच संदेश पुरावा म्हणून मागितला जातो.